सपाट रस्त्यांचे आठ दिवस

४ फेब्रुवारी

वन्सं,

त्या सकाळी खळ पातळ झाली होती. मी ती परत शेगडीवर चढवली आणि ढवळत उभी राहिले. त्याआधी आमच्या पुस्तकबांधणीच्या कारखान्याचा केर काढून झाला होता, पुठ्ठ्याच्या कातरणीचं पोतं दाराबाहेर ठेवलं होतं, यांच्या खुर्चीला पाठीशी उशी बांधली होती. हे आत छापखान्याचे ताव मोजत होते आणि मोजता मोजता चुकत होते, कारण मी मध्ये मध्ये बोलत होते. "तू गप्प बस, नाहीतर तूच मोज," असं म्हणाले. बेटाचं पुस्तक आलं ते त्या दिवशी.

तुम्ही विचारलंत, दादा खरंच त्या बेटाचं बोलायचा, की मी तुमचं मन राखायला तसं म्हटलं. बोलायचे. पंचवीसेक वर्षं झाली त्याला. तुम्हाला ठाऊकच आहे, मी शाळेत गेले नाही. वाचायला शिकले ती घड्या घालता घालता. एक ताव तीनदा दुमडला की सोळा पानं होतात, त्याला आम्ही फर्मा म्हणतो. त्या पुस्तकाचा तिसरा फर्मा माझ्याकडे होता आणि चौथा यांच्याकडे. दोन हजार प्रती. म्हणजे ते बेट मला पान तेहेतीस ते पान अठ्ठेचाळीस एवढंच माहीत आहे, पण ते दोन हजार वेळा. काळी वाळू, मिठागरं, वाऱ्याने एकाच बाजूला कललेली झाडं. अठ्ठेचाळिसाव्या पानावर रस्ता डोंगराकडे वळतो आणि वाक्य अर्ध्यात तुटतं. पुढे काय आहे म्हणून मी यांना विचारलं. "तो माझा फर्मा आहे. फुकट सांगणार नाही. जाऊ तेव्हा बघ." जायचं राहिलं. आधी काम होतं, मग यांचा गुडघा, मग कंबर, मग बाकीचं सगळं.

तुमच्या डोळ्यांचं वाचलं. कडेचं दिसणं कमी होत चाललंय आणि डॉक्टर म्हणतात वर्ष, फार तर दीड वर्ष, हे तुम्ही चार ओळींत लिहून टाकलंत आणि पाचव्या ओळीत बेटाचं काढलंत. तोवर तुम्हाला डोळेभर बघून घ्यायचंय, आणि एकटीला जाता येत नाही, पायऱ्या उतरताना कोणाचा तरी हात लागतो. मला समजलं.

मी येईन. मला कुठे असले तरी सारखंच आहे, त्यामुळे माझी अडचण नाही.

तुमची,
वहिनी


१३ फेब्रुवारी

वहिनी,

"मला कुठे असले तरी सारखंच आहे." वा! लग्नाला हो म्हणतानाही तू असंच काहीतरी म्हणाली होतीस, दादा सांगायचा. बिचारा आठ दिवस विचार करत होता की हा होकार आहे की नकार.

मी होकार धरला आहे. आता मागे फिरायचं नाही.

हे पत्र जाड पेनाने लिहिते आहे, अक्षरं बोराएवढी झाली असतील, हसू नकोस. फोनवर तू "हो, हो, बरं" याच्यापुढे जात नाहीस, आणि त्याच्या काचेचा उजेड माझ्या डोळ्यांना झोंबतो. म्हणून पत्रच बरं. समोरचं मला चांगलं दिसतं. कडेचं जातं, डावीकडचं जास्त, म्हणून हात लागतो तो डावीकडूनच. एखाद्या नळीतून बघावं तसं. बाजूने कोणी आलं की एकदम उगवल्यासारखं वाटतं. परवा ऑफिसातल्या शिपायाला मी किंचाळून भूत म्हटलं. तो आता दारातूनच खोकत येतो.

तू विचारलं नाहीस, पण सांगते, हेच बेट का. एकोणतीस वर्षं मी नकाशे काढले. डोंगराच्या उंचीच्या रेषा, एकात एक, एकात एक. कुठे रेषा दाटल्या की तिथे कडा, कुठे सुट्या पडल्या की तिथे पठार. इतके डोंगर काढले आणि चढले एकही नाही. त्या बेटावर म्हणे सकाळी काळं वाळवंट बघायचं, दुपारी दाट जंगल, संध्याकाळी ढगांच्या वर उभं राहायचं, आणि रात्रीच्या जेवणाला समुद्रावर परत. ऊन तर बारा महिने. मला सगळीकडे जायला वेळ नाही, वहिनी. जिथे सगळं एका जागी आहे, तिथेच जायला हवं. आणि मला त्या डोंगरावर चढायचं आहे. शेवटपर्यंत.

सोबत मार्गदर्शक पुस्तक पाठवते आहे, नवीन आवृत्ती. अक्षर मुंगीचं, मला वाचवत नाही. आपल्यात वाचणारी तू. आठ दिवसांचा आराखडा तू कर आणि मला मोठ्या अक्षरांत लिहून पाठव. मे महिन्याचा पहिला आठवडा. प्रवासाची कचेरी तुझ्याच गावातली घेतली आहे, म्हणजे तुला बाहेर पडावं लागेल (हो, मुद्दामच). ३१ मार्चपर्यंत खोली पक्की करायची आहे.

काय बघायचं ते तू ठरव. माझी एकच अट, डोंगर.

तुझी,
घाईबाई (दादाने ठेवलेलं नाव मीच वापरते आता, कोणीतरी वापरायला हवं)


२४ फेब्रुवारी

वन्सं,

पुस्तक मिळालं. चांगलं बांधलेलं नाही. चिकटवलेलं आहे, शिवलेलं नाही, दोनदा उघडलं की पानं सुटतील. कोरडं राहावं म्हणून कपड्यात गुंडाळून ठेवलं आहे.

रोज वाचते. सकाळी कारखान्यात जाते तेव्हा सोबत नेते. कारखाना बंदच आहे, मी फक्त उघडते, झाडते आणि बसते. शेजारचा चहावाला विचारतो, "मावशी, काम सुरू?" मी म्हणते, "हो." त्याला बरं वाटतं.

लोक मला धीराची म्हणतात. तसं काही नाही. रडू येत नाही, इतकंच. आंघोळीचं पाणी कढत आहे की कोमट हे अंगावर घेतल्याशिवाय समजत नाही, आणि घेतल्यावरही फारसं समजत नाही. हे तक्रार म्हणून लिहीत नाही. तुम्ही सोबत नेताय तर कशी बाई सोबत येते आहे ते आधी माहीत असावं.

प्रवासाच्या कचेरीत गेले होते. तिथली मुलगी फार पटपट बोलते. खोली कुठे हवी म्हणाली, तळमजल्यावर की वर? वरच्या खोल्यांतून समुद्र दिसतो, पण लिफ्ट नाही. मी तळमजला म्हटलं. तिने लिहून घेतलं.

आराखडा करते आहे. पहिले तीन दिवस झाले.

वहिनी


२ मार्च

वहिनी,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. तुला वाटत असेल तू काही कळू दिलं नाहीस, पण मला कळलं. तू बाहेर पडलीस! कचेरीत गेलीस! त्या पुस्तकाला नावं ठेवलीस! दादा गेल्यापासून बंद दाराआडून तू आम्हा सगळ्यांना "ठीक आहे" म्हणत होतीस त्या चौदा महिन्यांपेक्षा हे एक शिवण-चिकटवणीचं वाक्य मला जास्त आवडलं. तू परत माणसांत आलीस, वहिनी. मला वाटलंच होतं, एकदा कागद हातात दिला की तू उठशील.

मी इकडे तयारीला लागले आहे. रोज संध्याकाळी टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत चालते. वर जाताना त्रास नाही, खाली येताना पाऊल कुठे पडतंय ते मान खाली घालून बघावं लागतं. येणारे-जाणारे समजतात बाईचं काहीतरी हरवलं आहे. काल एक गृहस्थ थांबून माझ्यासोबत शोधायलाच लागले. "काय पडलं?" म्हणे. मी म्हटलं, "डोंगर." ते घाईघाईने निघून गेले.

टोपी घेतली. पिवळी. तुला लांबून मी दिसेन, मला जवळून तू दिसशील, झालं.

आराखड्याची वाट बघते आहे. मोठ्या अक्षरांत!

घाईबाई


११ मार्च

वन्सं,

आराखडा लिहून पाठवते. अक्षर मोठं काढलं आहे, त्यामुळे सात पानं झाली. इथे थोडक्यात लिहिते, म्हणजे ती पानं हरवली तरी चालेल.

पहिला दिवस. पोचणे. खोली तळमजल्यावर, दारात एकही पायरी नाही, कचेरीतल्या मुलीकडून दोनदा खात्री करून घेतली. खोलीत सरळ पाठीची खुर्ची ठेवायला सांगितली आहे. त्यांच्याकडे वेताच्या, मागे कललेल्या आहेत, त्या कामाच्या नाहीत.

दुसरा दिवस. काळी वाळू. गाडी थेट किनाऱ्यापर्यंत जाते. वाळूत उतरायचं नाही, पाय रुतून ताण येतो. फरसबंद वाट आहे, तिच्यावर दर पन्नास पावलांवर बाक आहे.

तिसरा दिवस. मिठागरं. सपाट. अर्धा तास चालणं, मग सावली.

चौथा दिवस. विश्रांती.

पाचवा दिवस. जंगल. जंगलात पायऱ्या आहेत, म्हणून आत जायचं नाही. बाहेरच्या रस्त्यावर एक चहाचं दुकान आहे, तिथून झाडं दिसतात.

सहावा दिवस. डोंगर. पायथ्याशी एक मोठा ओटा बांधला आहे. तिथे बसून पूर्ण डोंगर दिसतो, शिखरासकट. वर जाणारी पायवाट साडेचार तासांची आहे, ती सोडली.

सातवा दिवस. बाजार, सकाळी, ऊन चढायच्या आत.

आठवा दिवस. परत.

रोज दुपारी दोन ते चार पडायचं. चहा थर्मासात, बिनसाखरेचा. शेकायची पिशवी मी घेते. चालताना उजव्या बाजूला आधार लागतो, म्हणून मी सगळीकडे उजवीकडून चालेन.

काही राहिलं असेल तर लिहा. मी तीन वेळा तपासलं आहे, राहिलेलं दिसत नाही. खोली अजून पक्की केलेली नाही, तुमचा होकार आला की करते.

वहिनी


२७ मार्च

वहिनी,

उत्तराला पंधरा दिवस लागले. कामं होती असं लिहिणार होते. पण नको.

तुझी सात पानं मी भिंग घेऊन वाचली, मोठी अक्षरं असूनही, कारण मला वाटलं माझंच काही चुकतंय. आधी राग आला. मी टाकीपर्यंत रोज चढते आहे आणि ही मला पायथ्याच्या ओट्यावर बसवते आहे. वाटलं, हिला मी म्हातारी वाटते. मग वाटलं, डोळ्यांमुळे घाबरली असेल. मग खुर्चीचं, शेकायच्या पिशवीचं आलं. मी चहात दोन चमचे साखर घेते, वहिनी. तूही घेतेस.

आपल्या दोघींत गुडघा कोणाचा दुखतो? कंबर कोणाची दुखते? दुपारी दोनला पडल्याशिवाय कोणाला चालत नाही? उजव्या बाजूला कोणाला आधार लागतो? मला डावीकडून दिसत नाही, मला हात द्यायचा तर तो डावीकडे हवा, हे मी पहिल्याच पत्रात लिहिलं होतं.

तू दादाला फिरायला घेऊन निघाली आहेस. तीन वेळा तपासलंस आणि तुला दिसलं नाही.

माझा भाऊ होता तो. मला काय वाटलं असेल ते सोडून दे. मी ती पानं घेऊन टाकीकडे निघाले, वाचत वाचत, आणि उतरताना पायरी चुकले. कपाळाला चार टाके पडले. आता बरी आहे. पिवळी टोपी खोकेवर दाबत नाही, एवढं नशीब. पण पडल्यावर कळलं की मला गप्प राहून चालणार नाही. माझ्याकडे तेवढा वेळ नाही.

तेव्हा सरळ विचारते. तुझ्यासोबत मी येऊ शकते. दादासोबत येऊ शकत नाही. त्याला घेऊन गेलो तर मी एका बाकावरून दुसऱ्या बाकावर जाईन आणि परत येईन, आणि मग मला परत कधी जाता येणार नाही. तू त्याला विसरावंस असं मी म्हणत नाही. म्हणेन कशी? पण त्या वाटेवर माझ्या डावीकडे जी बाई चालणार, ती मला हवी आहे. ती येणार नसेल तर स्पष्ट सांग. इथे एक गट जातो आहे, अनोळखी माणसं, सोबत एक वाटाड्या. तो मला दोरीला धरून नेईल म्हणतो, शेळीसारखं. तेही चालेल.

३१ तारखेला तू खोली पक्की केली नाहीस, तर मी त्या गटात नाव देते. राग नाही. खरंच नाही.

घाईबाई


४ एप्रिल

वन्सं,

पत्र तीस तारखेला दुपारी आलं. वाचलं. कपाळाचं आधी वाचलं आणि मग मागे जाऊन बाकीचं. चार टाके म्हणजे खोलच असणार. जखमेवर ऊन लागू देऊ नका.

पत्र वाचून मला काय झालं, असं तुम्ही विचाराल. त्या वेळी काही झालं नाही. मी कारखान्यात होते. आराखड्याची माझी कच्ची प्रत काढली आणि तुम्ही लिहिलंय तसं एकेक वाक्य बोटाने धरून वाचलं. खुर्ची. बाक. पायरी नाही. दोन ते चार. तुमचं म्हणणं बरोबर आहे. सगळीकडे हेच आहेत. तुम्ही एका ठिकाणीही नाही, फक्त सहाव्या दिवशी "डोंगर" हा शब्द तुमचा आहे, आणि तोही मी खालून बघायला ठेवला.

मी यांची आठवण काढत काढत लिहिलं असेल असं तुम्हाला वाटत असेल. तसं नव्हतं. आठवण आली असती तर थांबले असते. मी काहीच मनात न आणता लिहिलं. पुस्तकात पायरी दिसली की हात खोडायचा, सावली दिसली की हात लिहायचा. ताव आला की पहिली घडी कुठे घालायची ते बघावं लागत नाही, तसंच. बावीस वर्षं गुडघ्याचं दुखणं होतं. कुठल्याही दारात गेले की माझी नजर आधी उंबऱ्याकडे जाते, मग माणसांकडे. ती अजून तशीच जाते. कोणाला ओलांडायचा आहे ते मी विचारत नाही.

मग मी नवा कागद घेतला. म्हटलं, आता नीट करते. वर लिहिलं, "सहावा दिवस. डोंगर. वरपर्यंत." आणि तिथेच अडकले. साडेचार तास चढायचं. तुम्ही चढता, टाकीपर्यंतच्या टेकडीवर, तुम्हाला माहीत आहे तुमचा पाय कसा आहे. मला माझा माहीत नाही. मी भरभर चालते की सावकाश, मला ठाऊक नाही. यांच्याआधी मी आईचा हात धरून चालायचे, ती थकलेली असायची. मग यांच्याबरोबर. आणि हे गेल्यावर पंधरा महिने घर ते कारखाना, तीन मिनिटं, तेही यांच्याच चालीने, आता कळतंय. माझी दमणूक कधी सुरू होते, उतारावर माझा पाय थरथरतो की नाही, मला तहान किती वेळाने लागते, काही माहीत नाही. बासष्ट वर्षांची बाई आणि स्वतःच्या पायाबद्दल विचारलं तर उत्तर नाही. कागदावर तीच एक ओळ राहिली. चहावाला आला, म्हणाला, "मावशी, तब्येत बरी नाही का?" मी त्याला विचारलं, "मी चालते कशी रे? भरभर की हळू?" तो म्हणाला, "तुम्ही? तुम्ही कोणीतरी मागे राहिल्यासारख्या चालता. दर चार पावलांनी थांबता." मला ते माहीत नव्हतं. तो मस्करी करत असेल म्हणून त्याच्या तोंडाकडे बघितलं. करत नव्हता.

त्यानंतर मात्र मला थोडं झालं. फार नाही. दार लावून घेतलं आणि पाच-दहा मिनिटं बसले. गुडघा माझा दुखत नाही, वन्सं. मी हाताने दाबून बघितला, दोन्ही. हे काही मोठं लिहिण्यासारखं नाही, पण तुम्ही विचारलंत की गुडघा कोणाचा दुखतो, म्हणून उत्तर देते. माझा दुखत नाही.

तुम्हाला आधी सांगून ठेवते. मी तिथे गेल्यावरही बाक दिसला की थांबेन. तुमच्या उजवीकडे जाईन. चुकीचा हात पुढे करेन. तेव्हा तुम्ही आरडाओरडा करायचा. मला हळू सांगितलेलं हल्ली पोचत नाही. आणि डोंगरावर मी मध्येच बसले तर तुम्ही थांबायचं नाही, असं लिहिणार होते, पण ते चालणार नाही, तुम्हाला उतरताना हात लागतो. म्हणजे मला वरपर्यंत यावंच लागेल. हे मला आत्ता, लिहिता लिहिता कळलं.

गटात नाव देऊ नका. दिलं असेल तर काढा. त्या वाटाड्याला सांगा शेळी मिळाली नाही.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे एकतीस तारखेला, मी प्रवासाच्या कचेरीत गेले आणि तळमजल्याची खोली सोडून तिसऱ्या मजल्यावरची घेतली. तिथून बाजारात जाऊन डोंगरावर चालायचे बूट घेतले, माझ्या मापाचे, आणि ते घालून घरी आले.

वहिनी